पाचवा कागद

ही गोष्ट माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, पोराला नाही. रिटायर व्हायच्या आधी दोन-चार वर्षं मी प्यायचो. प्यालेला माणूस पोटातलं ओकतो म्हणतात — मी तेव्हाही हे ओकलो नाही. दारूला जे जमलं नाही ते आज वहीवर लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस मी. अक्षर वाकडं येतं. पण बोलायला गेलो तर आवाज निघत नाही, म्हणून लिहितो. तुमी माझ्या ओळखीचे नाहीत, हे बरं आहे. ओळखीच्या माणसांत मी लय चांगला माणूस आहे.

कौशल्या जाऊन तीन महिने झाले. माझी बायको. वस्तीत सगळे तिला कौसाबाई म्हणायचे. पंचेचाळीस वर्षं तिनं माझ्या हाताला भाकरी दिली. तिच्याबद्दल एकच गोष्ट आधी सांगतो, मग पुढचं सांगायला सोपं जाईल — सोपं म्हणजे काय, जेवढं जाईल तेवढं.

कौसा कागदाला हात लावायची नाही. लाइटचं बिल आलं तर पदराच्या टोकानं धरायची आणि माझ्यापुढं टाकायची, जसा काही चुलीतला निखारा धरलाय. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, काही असो. "तुमीच ठेवा. मह्या हाताला इसर हाय." वीस-बावीस वर्षं हेच वाक्य. लोकांना वाटायचं, अडाणी बाई आहे, कागदाला भिते. खोटं आहे ते. ती आधी भीत नव्हती. आधी घरातला एकेक कागद तिच्याच ताब्यात होता, आणि एकही कधी हरवला नव्हता. तिच्या हाताला विसर कोणी चिकटवला? मी.

मी पूर्ण्याला रेल्वेत होतो. ट्रॉलीमॅन. तुमी बघितली असेल तर — रुळावरून चालते ती छोटी गाडी, वर बाकडं, लाल झेंडी, साहेबाच्या डोक्यावर छत्री. तिला इंजन नसतं. तिचं इंजन म्हणजे आमी. दोघांनी रुळावर पाय टाकत पळायचं आणि मागून ढकलायचं, वेग आला की उडी मारून मागच्या फळीवर बसायचं. वेग मोडला की परत उतरायचं, परत पळायचं. मागून गाडी येणार असली की सगळ्यांनी मिळून ट्रॉली उचलून रुळाच्या बाजूला ठेवायची. पुढं इंजिनियर साहेब बसलेले असायचे, रुळाकडं बघत. वाईट नव्हते ते. एकानं मला सणाला बूट दिले होते. पण सव्वीस वर्षं मी साहेबांची पाठच बघितली. कॉलर, मान, मानेवरचा घाम. तोंड कमी बघितलं.

आमाला एकच पोरगं, मिलिंद. ते यंत्राच्या नादाचं. शाळेत असतानाच त्यानं शेजाऱ्याचा बंद पडलेला पंखा चालू करून दिला. बारावी सायन्स पास झाला, गणितात चांगले मार्क पडले. इंजिनियरिंग कॉलेजला घालायची आमची ऐपत नव्हती, ते त्यालाही माहीत होतं. मोटारी भरायच्या दुकानात कामाला लागला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांच्या तारा काढायच्या, नव्या भरायच्या. दोन-अडीच वर्षं गेली त्यात. मग एके दिवशी त्याचे गणिताचे सर घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला आणि मला समजावून सांगायला लागले.

"दादाराव, नांदेडला मिलिटरीची भरती हाय. साधा शिपाई येगळा आन् टेक्निकल शिपाई येगळा. टेक्निकलला बारावी सायन्स लागती. वर्कशॉपात घेत्येत. इंजनं, रणगाडे, वायरलेस, सगळं शिकवत्येत. पगार देऊन शिकवत्येत! डिप्लोमा व्हतो तिथंच. आन् परीक्षा देत गेला तर पुढं इंजिनियर व्हऊ शकतो. पोरात दम हाय."

कौसा उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे बंदूक न्हाई?"

"बंदूक असतीच, कौसाबाई. पण पान्हा जास्ती."

ती हसली. मिलिंदही हसला. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो — बारावीच्या निकालाला नव्हता एवढा आनंद त्या दिवशी होता. वयही संपत आलं होतं त्याचं. ही भरती गेली तर पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं, हे सरांनी दोनदा सांगितलं. मी ऐकलं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

भरतीला पाच कागद लागत होते. दहावीचा मार्कमेमो, बारावीचा मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला आणि रहिवासी. सगळे ओरिजनल. कौसाला वाचता येत नव्हतं, पण तिनं कागद ओळखायची आपली रीत केली होती. दहावीचा मेमो घडीवर फाटलेला, त्याला मागून चिकटपट्टी. टीसी पिवळट. दाखल्यांवर गोल शिक्का — एकावर निळा, एकावर जांभळा. आणि बारावीचा मेमो तर ती अंधारातही ओळखली असती. कारण तो आला त्या दिवशी मिलिंदनं तिला जवळ बसवून दाखवलं होतं, "माय, हे बघ, इथं तुझं नाव छापलंय." मेमोवर आईचं नाव असतं. कौसाचं नाव त्याआधी कुठं छापून आलं होतं? मतदार यादीत. तिथंही माझ्या नावाखाली. इथं एकटं होतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं. भाकरीचं पीठ होतं बोटाला, त्याचा बारीक डाग पडला. त्यावर ती दोन दिवस हळहळली होती.

आता सांगतो. फिरवून फिरवून इथंच यायचं आहे, तर आता येतो.

मिलिंदला संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला जायचं होतं, सकाळी उजाडताच पळायला उभं राहायचं म्हणून. दुपारी तो दाढी-कटिंगला गेला होता. कौसानं पिशवी भरली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, टॉवेल, बूट. मग फाईल घेतली आणि एकेक कागद कप्प्यात सारत मोजले. मोठ्यानं मोजले — "एक. दोन. तीन. चार. पाच." फाईलची दोरी बांधली, पिशवीत वर ठेवली आणि घागर घेऊन नळावर गेली. आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं, नळ बाहेर, चार घरांत एक.

मी उठलो. दोरी सोडली. बारावीचा मेमो काढला. दोरी बांधली.

एवढंच. किती वेळ लागला असेल? घागर निम्मी भरली नसेल.

मेमो हातात धरून मी उभा राहिलो. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. फाडायचा विचार आला, हात झाला नाही. तेवढ्यात बाहेर घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. समोर भिंतीवर फोटो होता. ज्यांच्यामुळं आमच्या वस्तीत पहिली पाटी आली, ज्यांनी आमच्या माणसांना पोटाला चिमटा घ्या पण पोरं शिकवा म्हणून सांगितलं, त्यांचा फोटो. आमच्याकडं घराघरात असतो. मी त्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात मेमो सारला. दुसरी जागा नव्हती असं नाही. गादी होती, पेटी होती. पण हात तिथंच गेला. का गेला? वीस वर्षं झाली, मला सांगता येत नाही.

संध्याकाळी मी पोराला स्टेशनवर सोडायला गेलो. तो पाया पडला. मी म्हणालो, "नीट जा. कागद सांभाळ." हो — असं म्हणालो मी.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दहाच्या सुमाराला शेजारच्या पॉइंट्समनच्या, म्हणजे रुळाचे सांधे बदलणाऱ्याच्या, घरी फोन आला. मी गेलो घ्यायला. मिलिंद धापा टाकत बोलत होता. पळण्यात तो चौथा आला होता. उंची, छाती, सगळं झालं होतं. "आबा, फायलीत बारावीचा मेमो न्हाई. साहेब चांगला माणूस हाय, म्हणला तीन वाजेस्तोवर आणून दे, टेक्निकलला घेतो. न्हाईतर दहावीवर जीडीत घालतो म्हणला. घरी पडला असंल, बघा ना. बाराची गाडी हाय, मायला पाठवा न्हाईतर तुमी या."

जीडी म्हणजे साधा शिपाई. जनरल ड्यूटी.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "कसा न्हाई? तुझ्या मायनं ठेवला व्हता ना."

हे चार-पाच शब्द. कागद काढला त्यापेक्षा हे वाईट आहे, असं मला आता वाटतं. कागद काढताना मी एकटा होतो. हे बोललो तेव्हा तिला मध्ये ओढलं.

घरी येऊन सांगितलं. कौसाच्या हातातलं ताट खाली पडलं. मग तिनं जे घर उपसलं — पेटी उलटी केली, गाद्या झटकल्या, जोंधळ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. चुलीतली राख चाळली. नळापाशी जाऊन चिखल बघितला. क्वार्टरपासून स्टेशनापर्यंत रस्ता बघत गेली आणि बघत आली. आणि मी? मीही शोधत होतो. तिच्याबरोबर. खाटेखाली वाकून बघत होतो. पत्र्याच्या मागं हात घालत होतो. शोधायचं सोंग काय असतं ते मला विचारा. खरं शोधणाऱ्यापेक्षा जास्त घाम येतो.

बाराची गाडी गेली. मी रेल्वेचा माणूस, मला घड्याळ लागत नव्हतं. शिट्टीवरून कळायचं कोणती गाडी. दीडची पॅसेंजर होती. ती धरली असती तरी तीनच्या आत पोचलो असतो. दीडच्या गाडीला दहा मिनिटं असताना कौसा घराच्या मधोमध बसली आणि बोटं मोजायला लागली. "म्या पाच मोजले व्हते. एक... दोन... अवं, पाचच मोजले व्हते ना म्या? तुमी इथंच व्हते, तुमी ऐकलं ना?"

मी ऐकलं होतं.

मी म्हणालो, "चारच असतील."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून त्या फोटोपुढं उभी राहिली, हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाली, "मह्या लेकराचा कागद घावू द्या." मी तिच्या मागं उभा होतो. तिच्या कपाळापासून कागद एक हातावर होता. दीडच्या गाडीची शिट्टी झाली. मी हललो नाही.

ती गाडी मला अजून ऐकू येते. पूर्णा जंक्शन आहे, दिवसभर गाड्या वाजतात, पण दुपारची ती एकच मला ऐकू येते.

पोरगं जीडीत गेलं. थांबला असता तर वय गेलं असतं, नोकरीही गेली असती. पुढं मेमोची दुसरी प्रत काढली त्यानं, खटपट करून. तोवर ट्रेनिंग सुरू होऊन गेलं होतं. ट्रेड बदलायचा अर्ज केला, नाही म्हणाले. परत केला. मग सोडून दिलं.

तुमी विचाराल, का केलं? बापानं असं का करावं? मी स्वतःला लय वर्षं एक उत्तर दिलं. ते असं — आमच्या भागात जी पोरं इंजिनियर झाली ती पुण्याला गेली, ती गेलीच. आई-बाप मेले तरी दोन दिवसांच्या वर थांबली नाहीत. आणि जे शिपाई झाले ते पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन गावात आले, घर बांधलं, म्हातारी सांभाळली. मी हेच बघितलं होतं. मला वाटलं, साधा शिपाई झाला तर पोरगं माघारी येईल. एकुलतं एक पोरगं. मायेपायी केलं.

हे खोटं नाही. पण हे मी पुढं ठेवायचो, मागचं झाकायला. मागचं सांगतो.

सर घरी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमी स्टेशनबाहेर चहाला उभे होतो. आमची सगळी गँग होती, मिलिंदही आला होता. बातमी पसरली होती. महादू नावाचा माझा जोडीदार होता, माझ्याबरोबर ट्रॉली ढकलणारा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "काय दादाराव, पोरगं इंजिनियर व्हायलंय म्हणं! म्हंजे उद्या तेच बसंल छत्रीखाली आन् तू मागून पळशील. 'ए म्हाताऱ्या, ढकल की जोरात!' म्हणंल."

सगळे हसले. चहावाला हसला. मीही हसलो. पण चहा अर्धाच ठेवला. त्या दिवशी ट्रॉली ढकलताना पुढं बसलेल्या साहेबाच्या मानेकडं बघितलं आणि ती मान मला मिलिंदची दिसायला लागली. मला सहन झालं नाही. बापाला अभिमान वाटायला पाहिजे ना? मला नाही वाटला. माझ्या पोरानं माझ्या वर बसावं, हे मला नको होतं. साधा शिपाई मला चालत होता. शिपाई माझ्यासारखाच — हुकूम ऐकणारा, पायानं पळणारा.

हे आहे ते. जळालो मी. पोटच्या पोरावर जळालो.

आणि एक गोष्ट मी विसरलो होतो, ती कौसा गेल्यावर आठवली. महादू तसं बोलला आणि सगळे हसत होते, तेव्हा मिलिंदनं उत्तर दिलं होतं. तो म्हणाला होता, "न्हाई महादूकाका. आबाला बसवतो छत्रीखाली आन् मी ढकलतो. बघाच." माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता. हसण्याच्या आवाजात ते बुडालं — की मीच बुडवलं? महादूचं वाक्य मी वीस वर्षं सांभाळून ठेवलं. पोराचं फेकून दिलं.

मिलिंद सतरा वर्षं नोकरी करून आला. थंडीत गुडघे गेले. एका कानानं कमी ऐकू येतं. वाईट वागला नाही कधी. आईला फोन करायचा, लुगडं आणायचा. फक्त एकदा. सुट्टीवर आला होता, जेवायला बसलो होतो आमी दोघं बाप-लेक. त्याच्याबरोबर भरतीला पळालेला एकजण टेक्निकलला लागला होता, त्याचा डिप्लोमा झाला होता, वर्कशॉपात मोठ्या जागेवर होता. ते सांगता सांगता मिलिंद मध्येच थांबला आणि म्हणाला, "माय, एक कागद ठेवता आला न्हाई तुला."

कौसा तव्यावरची भाकरी उलटत होती. भाकरी जळाली, तिला कळलं नाही. मिलिंद ताटावरून उठला. मी? मी जेवत होतो. मी जेवण पुरं केलं. ताटात हात धुतला.

आता तो पुण्याकडं एका कारखान्यात सिक्युरिटीला आहे. गेटवर. मी एकदा गेलो होतो. सकाळची वेळ, गाड्यांची रांग लागली होती. मिलिंद दांडा वर करायचा, गाडी आत जायची, दांडा खाली. एका गाडीत पंचवीस-सव्वीसचा पोरगा होता, गळ्यात पट्टा, नवा इंजिनियर. मिलिंदनं त्याला सलाम केला. मिलिंदच्या कानशिलावर पांढरे केस आलेत. मला बघून त्याला लाज वाटली नाही, उलट जोडीदाराला म्हणाला, "हे आमचे आबा. रेल्वेत व्हते." मी दुसरीकडं बघितलं. माघारी येईल म्हणून केलं होतं ना मी? तोही पुण्यातच आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत, बायको-पोरं घेऊन.

आणि तो फोटो. दर वर्षी जयंतीला आमच्याकडं फोटो उतरवतात, काच पुसतात, हार घालतात. आमच्या घरी फोटो फक्त मी उतरवायचो. कौसाला हात लावू द्यायचो नाही. तिला वाटायचं, श्रद्धा आहे. बायांना सांगायची, "आमचे धनी बाकी कसे बी असू द्या, पण फोटूला दुसऱ्याचा हात लागू देत न्हाईत." रिटायर झालो, क्वार्टर सोडून स्वतःच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा टेम्पोत सगळं सामान मागं टाकलं आणि फोटो मांडीवर घेऊन पुढं बसलो. लोकांनी त्याचंही कौतुक केलं. मग फेकून का दिला नाही कागद? जाळला का नाही? फोटो उतरवला की तो चाचपून बघायचो, आणि तसाच ठेवायचो. मला माहीत नाही का. चांगलं कारण असेल असं मला वाटत नाही.

यंदा कौसाची किडनी गेली. परभणीला दवाखान्यात ठेवलं. मिलिंद रजा काढून आला. दुपारची वेळ होती. ती खाटेवर, तो उशाशी, मी पायथ्याशी मोसंबी सोलत उभा. सूनबाईनं केसपेपर खाटेवर ठेवला तर कौसा हात मागं घेऊन म्हणाली, "मह्याजवळ नको ठेवू गं." मग मिलिंदचा हात धरून म्हणाली, "लेकरा, तेवढं एक मह्या हातून झालं. तुझं जल्माचं नुकसान केलं म्या. माफ कर मायला."

मिलिंद रडायला लागला. "माय, मी कवाच इसरलो गं ते. काय घेऊन बसलीस?"

"मी न्हाई इसरले," ती म्हणाली. "म्या पाच मोजले व्हते असं वाटायचं मला. पण तुझे आबा म्हणाले चारच असतील. त्येंनी ऐकलं व्हतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. साक्षीदाराकडं बघतात तसं.

मोका होता. शेवटचा होता हे मलाही दिसत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन शब्द पुरले असते — पाच होते. एवढेच बोलायचे होते. मोसंबीची फोड माझ्या हातात होती, रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. मी म्हणालो, "चहा घेऊन येतो." आणि जिना उतरून खाली गेलो. टपरीवर दोन चहा प्यालो. वर आलो तेव्हा तिचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

ती गेल्यावरच्या वंदनेला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी येणार होते. मिलिंद स्टूल घेऊन फोटो उतरवायला निघाला. मी ओरडलो, "राहू दे! मी उतरवतो." स्टूल त्याच्याकडून घेऊन मीच चढलो. खालून कोणीतरी म्हणालं, "या वयात बी बघा." तिच्या फोटोशेजारी तो फोटो ठेवला. वंदना झाली. ज्या कागदानं तिला मारलं तो तिच्या फोटोपासून वीतभर अंतरावर होता, आणि शे-दीडशे माणसं हात जोडून बसली होती. मीही.

सगळे गेले. मिलिंदही गेला, जयंतीला येतो म्हणाला. काल मी फोटो उतरवला, पुठ्ठ्याचे खिळे काढले. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला कसर लागली आहे. बाकी चांगला आहे. त्यावरचं इंग्रजी मला येत नाही, पण स्टेशनांच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं ओळखतो. बोट ठेवून एकेक लावत गेलो. कौशल्या लागलं. त्याच्याशेजारी पिठाचा डाग आहे, मेणासारखा. मी त्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

ती जुनी फाईल पेटीत सापडली, बाकीचे चार कागद तिच्यात तसेच होते. मिलिंद आला की ती त्याच्या हातात देणार आहे, आणि फोटो त्यालाच उतरवू देणार आहे. मग तो काय म्हणेल ते म्हणेल. माझ्यासाठी काही मागायचं राहिलेलं नाही.

कागद मी परत कप्प्यात ठेवला. दहावीच्या मागं, टीसीच्या पुढं, तिनं ठेवला होता तिथंच. दोरी बांधायच्या आधी तिच्यासारखे मोठ्यानं मोजले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

पाच होते. ती बरोबर होती.